लॅबमधल्या फ्रिजला वाली कोण?

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर लशी ठेवण्याची खोली जरूर बघावी. झाकण वरून उघडणारा आयएलआर म्हणजे लशींचा खास फ्रिज, त्याला स्वतःचा स्टॅबिलायझर, आत थर्मामीटर, बाहेर तापमानाची वही. रविवार असो की दिवाळी, त्या वहीत दिवसातून दोनदा नोंद करायची हा नियम. शिवाय ई-विन नावाच्या यंत्रणेचा सेन्सर आत बसवलेला असतो. तापमान २ ते ८ अंशांची वेस ओलांडू लागले की संबंधित कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर संदेश येतो. आपल्या सरकारी आरोग्यसेवेत दोष काढायला जागा पुष्कळ आहे, पण लशीची शीतसाखळी हे तिचे खरोखर जमलेले काम आहे. त्याच इमारतीत दहा पावलांवर लॅब असते. तिथेही एक फ्रिज असतो, आणि बहुधा तो घरी असतो तसलाच असतो. त्यात तपासणीची किट, कंट्रोल, रुग्णांची सॅम्पल ठेवलेली असतात, आणि त्यातल्या बहुतेक मालाच्या खोक्यावर तेच २ ते ८ अंश छापलेले असतात. पण या फ्रिजला वही, थर्मामीटर, स्टॅबिलायझर असेलच याची खात्री कोणी देत नाही, कारण ती कोणी मागतही नाही. खासगी लॅबची गोष्ट याहून वेगळी नाही. चांगल्या लॅब आपणहून शिस्त पाळतात, बाकीच्यांना विचारणारे कोणी नाही. माझे म्हणणे असे की लॅबचा फ्रिज हे सामान ठेवायचे कपाट नसून तपासणीचे यंत्र आहे. लशीसाठी जी शिस्त आपण तीन-चार दशके खपून उभी केली, तीच या दुसऱ्या फ्रिजला लावण्यात आता उशीर करू नये.

यावर पहिला प्रश्न येणार की एवढे बिघडते तरी काय? रक्ताच्या साखरेचेच घ्या, कारण ही तपासणी गावोगावी होते. रक्त शिरेतून काढले म्हणून त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. लॅबवाले ज्याला बल्ब म्हणतात त्या नळीतही त्या साखर खातच राहतात. पेशी वेगळ्या न करता साध्या बल्बमध्ये खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. ती खोली मे महिन्यातल्या जत किंवा आटपाडीतली असेल तर उतार आणखी तीव्र होतो. उपाशीपोटी १३० मिलिग्रॅम साखर असलेल्या माणसाचे रक्त असे तीन तास पडून राहिले, तर यंत्रावर ११०च्या आसपास आकडा उमटेल. मधुमेहाची रेषा १२६ची आहे. म्हणजे ज्याला त्या दिवशी आपला आजार कळायला हवा होता, तो निश्चिंत मनाने घरी जातो आणि पुढची तपासणी दोन-तीन वर्षांनी, पायाची जखम भरेना म्हणून करतो. फ्लोराइडचा राखाडी टोपणाचा बल्ब यासाठीच असतो हे खरे, पण फ्लोराइडचा पूर्ण अंमल चढायलाही एक-दोन तास लागतात. खरा उपाय म्हणजे रक्त लवकर सेंट्रिफ्यूजवर फिरवून पेशी वेगळ्या करणे, आणि ते होईपर्यंत थंडी.

मात्र 'थंडीत ठेवले की सगळे टिकते' ही समजूतही तेवढीच घातक आहे. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या द्रवापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. ते आत रोखून धरणारा पंप पेशीच्या ऊर्जेवर चालतो. थंडीत हा पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. न फिरवलेला बल्ब रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की सकाळी पोटॅशियम इतके वाढलेले दिसू शकते की डॉक्टरांनी रुग्णाला तातडीने भरती करावे. ही धावपळ निदान डोळ्यांना दिसते तरी. याची उलटी बाजू अधिक वाईट. जुलाबाने किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ज्याचे पोटॅशियम खरोखर घसरले आहे, त्याचा आकडा या झिरप्यामुळे नेमका नॉर्मलमध्ये येऊन बसतो. त्या रिपोर्टवर कोणालाच शंका येत नाही. ग्रामीण भागात हा प्रकार घडतो त्याचे कारण सोपे आहे. लाईट गेली की सेंट्रिफ्यूज थांबते, बल्ब तसेच राहतात, आणि निदान खराब तरी होऊ नयेत म्हणून कोणीतरी सद्हेतूने ते फ्रिजमध्ये ठेवून देतो. पेशी आधी वेगळ्या केलेल्या असतील तर सिरम २ ते ८ अंशांत काही दिवस खुशाल राहते. फ्रिज सेंट्रिफ्यूजचे काम करू शकत नाही, एवढे वाक्य त्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवले तरी बरेच काम होईल.

अशी आणखीही सॅम्पल आहेत. हृदयाची झडप बदललेले, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे रुग्ण नियमाने पीटी-आयएनआर तपासतात. ते रक्त फ्रिजमध्ये ठेवायचे नसते, कारण थंडीने रक्त गोठवणारा एक घटक आपोआप जागा होतो आणि आयएनआर खोटा कमी दिसू शकतो. तो बघून गोळीचा डोस वाढवला तर रक्तस्रावाचा धोका. मेंदूज्वराच्या संशयात पाठीतून काढलेले पाणी कल्चरसाठी जाणार असेल तर तेही थंडीपासून दूर ठेवायचे. काही जंतू थंडीत मरतात आणि रिपोर्ट 'जंतू वाढले नाहीत' असा येतो. ब्लड कल्चरच्या बाटल्यांचेही तेच. उलट लघवीचे कल्चर दोन तासांत लावता येणार नसेल तर सॅम्पल फ्रिजमध्येच हवे. नाहीतर दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होणारे चार चुकार जंतू लाखाचा आकडा गाठतात आणि संसर्ग नसलेल्या बाईला अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो. थोडक्यात, फ्रिज असणे पुरेसे नाही; काय ठेवायचे, काय मुळीच ठेवायचे नाही, आणि किती वेळ, हे दारावर लिहिलेले आणि सफाई कामगारापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना माहीत असलेले लागते. इटलीतल्या पादुआ येथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने १९९७ साली आणि पुन्हा दहा वर्षांनी आपल्या चुका मोजल्या. दोन्ही वेळा साठ टक्क्यांहून अधिक चुका सॅम्पल यंत्रात जाण्यापूर्वीच्या टप्प्यावर झालेल्या निघाल्या. त्या सगळ्या काही तापमानाच्या नव्हत्या; नावांची अदलाबदल, चुकीचा बल्ब, पेशी फुटलेले रक्त हेही त्यात आले. पण लक्ष कुठे द्यायचे ते त्या आकड्यांवरून कळते. आपण मात्र लॅबची प्रतिष्ठा नव्या ॲनालायझरच्या किमतीवरून ठरवतो आणि उद्घाटनाची फीतही त्याच्याच खोलीत कापतो.

सॅम्पलपेक्षा किट अधिक दिवस फ्रिजमध्ये राहतात, म्हणून त्यांचे नुकसानही अधिक दिवस चालते. एलायझाच्या किटमधले रसायन उष्णतेने हळूहळू मंदावते. डेंग्यूचा रुग्ण निगेटिव्ह दिसू लागतो. गोठण्याने होणारे नुकसान एका रात्रीत होते. सीआरपी, आरए यांसारख्या तपासण्यांत लॅटेक्सचे बारीक कण असतात. ते गोठून वितळले की आपसातच चिकटतात, आणि मग कोणाचेही सिरम घातले तरी गुठळ्या दिसतात. विडाल ही टायफॉइडची तपासणी मुळातच भरवशाची नाही. गोठून वितळलेल्या अँटिजेनने ती करण्यापेक्षा नाणे उडवलेले स्वस्त पडेल. रक्तगट तपासायचे सिरम खराब झाले तर काय होईल हे सांगायला नको. लशीच्या कुपीवर उष्णता लागली की रंग बदलणारी खूण असते, आणि गोठल्याचा संशय आला तर काही लशींसाठी हलवून बघण्याची चाचणी असते. लॅबच्या बहुतेक बाटल्यांवर अशी कुठलीच खूण नाही. बाटली बाहेरून तशीच दिसते, मुदतीची तारीख अजून लांब असते. त्यामुळे बिघाडाचा एकमेव साक्षीदार म्हणजे तापमानाची नोंद.

आता घरगुती फ्रिज. तो वाईट नाही, पण तो दूध-भाजीसाठी बनवलेला आहे. त्याच्या बटणावरचे १ ते ५ हे आकडे अंश नव्हेत, तर थंडी किती जोराने करायची त्याची पायरी. दारातले कप्पे सर्वांत उबदार असतात आणि मागची भिंत व बर्फाच्या कप्प्याखालची जागा गोठण्याच्या जवळ. नेमके दारात रोज लागणारे किट आणि मागे दाटून ठेवलेले खोके, अशी मांडणी सगळीकडे दिसते. फ्रॉस्ट-फ्री मॉडेलचा बर्फाचा कप्पा स्वतःला ठरावीक वेळाने थोडा गरम करून बर्फ झटकतो. आइस्क्रीमला त्याने फरक पडत नाही, पण महिनाभर जपून ठेवायच्या कंट्रोल सिरमला पडतो. आपल्या दोन जिल्ह्यांचे हवामान तर या यंत्राची परीक्षाच घेते. फ्रिज किती अंशांच्या खोलीत नीट चालेल याचे वर्ग असतात. उष्ण प्रदेशासाठीचा वर्ग १६ ते ४३ अंशांचा. पत्र्याच्या छपराखालची माण-खटावमधली खोली उन्हाळ्यात वरच्या टोकाला टेकते. दुसरीकडे वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात आपण कौतुकाने छापतो. त्या थंडीत खोलीच इतकी गार असते की साध्या फ्रिजचा कंप्रेसर क्वचितच सुरू होतो आणि वरचा बर्फाचा कप्पा मऊ पडू लागतो. उन्हाळ्यात ५ वर फिरवलेले बटण पावसाळ्यात कोणी मागे फिरवले नाही, तर ऑगस्टमध्ये किट गोठतात. म्हणून एकदा बटण लावले आणि विसरलो, हे या भागात चालणारे नाही.

मग कायदा काय म्हणतो? रक्तपेढीच्या बाबतीत तो अगदी नेमका आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधनांच्या १९४५च्या नियमांखाली रक्तपेढीच्या फ्रिजला तापमान सतत नोंदवणारे साधन, धोक्याची घंटा आणि अखंड वीज लागते. त्याशिवाय परवाना नाही. लशीला कार्यक्रमाची शिस्त आहे. दोघांच्या मधली लॅब मात्र मोकळ्या रानात आहे. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि राज्याचा १९४९चा नर्सिंग होम कायदा स्वतंत्र लॅबपर्यंत पोचत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी असे सांगितले. ते योग्यच झाले, पण त्यानंतरची आपली सगळी चर्चा सहीभोवतीच फिरत राहिली. सही अस्सल आणि आतला आकडा फसवा, असा रिपोर्ट बोगस डॉक्टरच्या रिपोर्टपेक्षा रुग्णाला कमी त्रास देतो असे नाही. एनएबीएलची मान्यता घेणाऱ्या लॅबला तापमानाच्या नोंदी दाखवाव्याच लागतात; पण ती मान्यता ऐच्छिक आहे.

पहिला आक्षेप पैशांचा. तालुक्याच्या गावी स्पर्धेमुळे तपासणीचे दर आधीच खाली आलेले, भाडे आणि रीएजंटच्या किमती चढत्या; अशात लाखाच्या घरातला प्रयोगशाळेचा खास फ्रिज कुठून आणायचा? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच माझी मागणी तशा फ्रिजची नाही. घरगुती फ्रिजवरही बरेच काम नीट होते, त्याच्याकडे बघणारे कोणी असेल तर. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर हजार-दीड हजारांच्या आत मिळतो. त्याचा सेन्सर ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवून मधल्या फळीवर ठेवला की दार उघडताच आकडा उडत नाही. बाटलीतल्या द्रवाचे खरे तापमान कळते. एक स्टॅबिलायझर लागतो. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचा, मागची जाळी असेल तर तिच्यावरची धूळ महिन्यातून एकदा झाडायची. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावायचे. कपटा अलगद ओढून निघाला तर रबर बदलायचे. दारातले कप्पे संवेदनशील मालासाठी वापरायचे नाहीत, माल मागच्या भिंतीला टेकवायचा नाही, हवा फिरेल एवढी जागा सोडायची. ईथर-ॲसिटोनसारखी पेट घेणारी द्रव्ये घरगुती फ्रिजमध्ये कधीही ठेवायची नाहीत, कारण आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी साचलेल्या वाफेला पुरते. आणि त्यात जेवणाचा डबा ठेवायचा नाही. हे शेवटचे लिहायची वेळ यावी हेच वाईट, पण उन्हाळ्यात पाण्याच्या बाटलीसाठी केलेली सवलत पुढे डब्यापर्यंत जाते हे सर्वांना ठाऊक आहे. यातल्या कशालाही एका किटच्या किमतीपेक्षा फारसा जास्त खर्च नाही, आणि एक गोठलेले किट वाचले तरी तो भरून निघतो.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो, म्हणून त्याला जरा वेळ द्यायला हवा. आम्ही रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले सॅम्पल, लावतो, असे ते म्हणतात. काही बिघडले असेल तर कंट्रोलचा आकडा हलेल आणि आम्हाला कळेल. कंट्रोल लावणे चांगलेच, पण त्याने तपासले जाते ते यंत्र आणि रीएजंट. वडूजहून निघालेला बल्ब साताऱ्यात पोचेपर्यंत कसा होता, हे कंट्रोलला कसे कळणार? कंट्रोल त्या प्रवासात नव्हतेच. शिवाय बहुतेक लॅबमध्ये कंट्रोल त्याच फ्रिजमध्ये असते, त्यामुळे रीएजंटसोबत तेही बिघडू शकते, आणि मग आकडा का हलला हे शोधण्यात दिवस जातो. याच कारणाने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची किंवा दिल्लीच्या एम्सची बाहेरून गुणवत्ता तपासणारी योजना कितीही उपयोगी असली तरी ती या प्रश्नाला पुरत नाही. तिथून येणारे नमुने लॅब खास काळजीने हाताळते. रोजच्या बल्बचे भाग्य तसे नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वही ठेवा म्हटले की वही भरली जाईल, पण फ्रिज बघितला जाणार नाही. महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने, एकाच बैठकीत, तिसांच्या तीस दिवशी चार अंश. सरकारी रजिस्टरांचा आपला इतिहास बघता ही भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय वही न ठेवणे हा असू शकत नाही. एक तर आकडा माणसाने लिहिण्याऐवजी यंत्राने साठवावा; डेटा लॉगर आता इतके महाग राहिलेले नाहीत, आणि लशीसाठी सरकारने नेमका हाच मार्ग निवडला. दुसरे, जिवंत फ्रिजचा आकडा कधीच सरळ रेषेत नसतो. तो सकाळी ४ असतो, दुपारी माल भरल्यावर ६ होतो, लाईट गेल्यावर ९ वर जातो. महिनाभर न हललेला आकडा बघणाऱ्याला आपोआप सांगतो की फ्रिज कोणी बघितलाच नाही. आणि वहीत खरा महत्त्वाचा रकाना तापमानाचा नसून त्याच्या शेजारचा असतो: वेस ओलांडली तेव्हा काय केले? माल दुसरीकडे हलवला का, कंट्रोल पुन्हा लावले का, संशयास्पद सॅम्पल रुग्णाला बोलावून पुन्हा घेतले का? हा रकाना कायम कोरा असणारी वही तपासनिसाने परत करावी.

रात्रीच्या विजेचा मुद्दा इथे येतो. कोयनेची वीज राज्यभर जाते, पण तिच्याच पाटण तालुक्यातल्या वाड्यांत पावसाळ्यात लाईट टिकेल याचा नेम नसतो. रात्री अकराला वीज गेली, पहाटे चारला आली. सकाळी नऊला टेक्निशियन आला तेव्हा थर्मामीटरवर ५ अंश. मधल्या काळात तापमान चौदावर गेले होते की सहावरच थांबले, हे साधा थर्मामीटर सांगू शकत नाही, कमाल-किमानवाला सांगतो. आयएलआरच्या भिंतींत बर्फाचे किंवा पाण्याचे अस्तर असते आणि तो वरून उघडतो, म्हणून वीज गेल्यावरही त्यातली थंडी बराच काळ टिकते. घरगुती फ्रिजची ती ताकद नाही, आणि त्याचे उभे दार उघडले की थंड हवा पायाशी सांडते. मोठ्या पुराचा अनुभव तर सांगलीला वेगळा सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, आणि पूरग्रस्त भागाची वीज दिवसेंदिवस बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला; त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या आणि रस्ते तुटले. अशा दिवसांत लेप्टो, डेंग्यू, जुलाबाच्या तपासण्या वाढतात, आणि नेमके तेव्हाच त्यांची किट अंधारात उबत पडलेली असतात.

सॅम्पलचा प्रवास हा फ्रिजचाच पुढचा भाग आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उघडल्यापासून मिरजेकडे लांबून, अगदी कर्नाटकातूनही रुग्ण येत राहिले. आता रुग्णाच्या आधी त्याचे रक्त येते. महालॅब योजनेत आरोग्य केंद्रांतून सॅम्पल गोळा होऊन मोठ्या लॅबकडे जातात. खासगी कलेक्शन सेंटरमधून काही तपासण्यांचे बल्ब पुण्या-मुंबईपर्यंत जातात. केंद्राच्या मोफत निदान योजनेच्या यादीत प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ६३ आणि जिल्हा रुग्णालयासाठी १३४ तपासण्या आहेत, म्हणजे हा प्रवास वाढतच जाणार. रुग्णाच्या सोयीची ही गोष्ट आहे आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण दुचाकीच्या डिकीतून आलेला बल्ब आणि आइस पॅकच्या डब्यातून आलेला बल्ब रिपोर्टवर सारखेच दिसतात. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात करोनाचे रुग्ण सापडले आणि सुरुवातीचे स्वॅब पुण्याला पाठवावे लागले, तेव्हा कोल्ड बॉक्स, २ ते ८ अंश, तीन दिवसांच्या आत पोचवणे हे शब्द प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याच्या तोंडी होते. जमले ते, कारण कोणीतरी विचारत होते. साथ ओसरली आणि विचारणेही ओसरले.

आणखी एक इन्स्पेक्टर मागे लावायचा का, असे खासगी लॅबचालक विचारतील, आणि परवाना-निरीक्षकांचा त्यांना आलेला अनुभव बघता तो प्रश्न रास्त आहे. त्यावर माझे उत्तर असे की सुरुवात सरकारने स्वतःच्या घरापासून करावी. लशीची शीतसाखळी सांभाळणारा कर्मचारी, तंत्रज्ञ, सुट्या भागांची व्यवस्था हे सगळे दोन्ही जिल्हा परिषदांकडे आधीच आहे. त्यांच्या फेरीत लॅबचा फ्रिज घेतला तर नवे पद लागत नाही. लशीच्या आयएलआरमध्ये सॅम्पल ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. तसे करायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. थर्मामीटर, स्टॅबिलायझर, लॉगर यांचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीत कुठे शोधावाही लागणार नाही इतका थोडा आहे. सॅम्पल वाहून नेण्याच्या करारात एक अट घालावी: बल्ब किती वाजता काढला, पेशी किती वाजता वेगळ्या केल्या आणि पोचताना डब्यात किती अंश होते, हे तीन आकडे रिपोर्टवर छापायचे. खासगी लॅबला सक्ती करण्याआधी ही अट सरकारी रिपोर्टवर वर्षभर चालवून बघावी. तो रिपोर्ट हातात घेतलेला रुग्ण पुढच्या वेळी खासगी लॅबच्या खिडकीवर तेच तीन आकडे विचारील, आणि ज्या लॅब आजही शिस्तीने काम करतात त्यांना ते सांगताना काहीच अडचण येणार नाही. उलट दरांच्या चढाओढीत स्वस्त शेजाऱ्यापेक्षा आपण वेगळे का, हे दाखवायला त्यांना प्रथमच काहीतरी हाती येईल. मिरजेच्या आणि साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी, कराडच्या कृष्णा संस्थेने आपापल्या भागातल्या टेक्निशियनसाठी अर्ध्या दिवसाचे वर्ग घेतले तर त्यासाठी कुठल्या मंजुरीचीही वाट बघावी लागणार नाही. पूररेषेतल्या लॅबनी आपला फ्रिज आणि किटचा साठा जूनपूर्वी वरच्या मजल्यावर न्यावा, वीज गेली तर माल कोणाकडे हलवायचा ते दोन शेजारी लॅबनी आपसात लिहून ठेवावे. हे तर आदेशाशिवायही होण्यासारखे आहे.